माजी सैनिकांसाठी पस्तीस वर्षे झटलेल्या एडिथ नोर्स रॉजर्स

जवान फौजेत असतो तोवर त्याचे कौतुक सगळ्या गावाला असते. सुटीवर आला की एस. टी. स्टँडपासूनच रामराम सुरू होतात, पारावर त्याला मानाने बसवून घेतात. पण नोकरी संपवून, किंवा एखादा हातपाय लढाईत गमावून तो कायमचा घरी आला की वर्षा-दोन वर्षांत हे कौतुक विरते. मग उरतो तो कागद. सेवेचा दाखला, पेन्शनचा हुकूम, दवाखान्याचे कार्ड. कागद असेल तर औषध मिळतं, नसेल तर नुसताच रामराम! ज्या गावांतून पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत गेली त्या गावांना हे सांगायला नको. दाखले लिहून देणाऱ्या ग्रामसेवक-तलाठी मंडळींना तर मुळीच नको.

हा कागद आपोआप तयार होत नाही. त्यामागे कायदा लागतो, कायद्यामागे पैसा लागतो आणि या दोन्हींच्या मागे हात धुऊन लागणारं माणूस लागतं. अमेरिकेत असे एक माणूस होऊन गेले. एडिथ नोर्स रॉजर्स हे त्या बाईंचे नाव. १९२५ ते १९६० अशी सलग पस्तीस वर्षे त्या तिथल्या संसदेत निवडून येत राहिल्या. त्यांनी बाराशेहून अधिक विधेयके मांडली आणि त्यातली निम्म्याहून जास्त सैन्याशी व माजी सैनिकांशी निगडित होती. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, आपल्याकडच्या पक्षाशी त्याची गल्लत करू नये. रॉजर्सबाई रिपब्लिकन पक्षाच्या होत्या आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधी सभागृहात बसत.

गिरणीच्या गावची सून

एडिथ यांचा जन्म १९ मार्च १८८१ रोजी मेन राज्यातल्या साको या गावी झाला. वडील कापड गिरणीचे व्यवस्थापक. घर खाऊनपिऊन सुखी. चौदा वर्षांच्या होईतो त्यांना घरीच मास्तर ठेवून शिकवले, मग मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल या गिरणगावी मुलींच्या वसतिगृहशाळेत घातले आणि पुढे पॅरिसजवळच्या एका शाळेत पाठवले. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीचे शिक्षण इथेच संपत असे. कॉलेज नाही, नोकरी नाही. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तोच १९२० साली, तेव्हा बाई ३९ वर्षांच्या होत्या.

१९०७ साली त्यांचे लग्न जॉन जेकब रॉजर्स या वकिलाशी झाले आणि लॉवेल हेच त्यांचे सासर व कर्मभूमी झाली. १९१२ च्या निवडणुकीत पती काँग्रेसवर निवडून गेले, तसा संसार राजधानी वॉशिंग्टनला हलला. इथवर त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखे वेगळे काही नव्हते. खासदाराची पत्नी जे करते ते त्या करीत होत्या.

जखमींच्या खाटांशेजारी

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सगळे बदलले. जॉन रॉजर्स संसदेच्या कामासाठी इंग्लंड-फ्रान्सकडे गेले, बाईही बरोबर गेल्या. तिथे त्यांनी स्वयंसेविका म्हणून काम केले, जखमी सैनिकांची इस्पितळे पाहिली. परत आल्यावर वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या मोठ्या लष्करी इस्पितळात त्या रेडक्रॉसच्या वतीने जाऊ लागल्या. करड्या रंगाचा गणवेश घालून जखमींच्या खाटेपाशी बसायचे, पत्रे लिहून द्यायची, हवं-नको बघायचं. हे काम त्यांनी १९२२ पर्यंत नेमाने केले. एक-दोन दिवसांची हौस असती तर गोष्ट वेगळी, पण युद्ध संपून चार वर्षे झाली तरी बाई जातच होत्या. सैनिक त्यांना वॉल्टर रीडची देवदूत म्हणू लागले.

युद्ध संपले म्हणून जखमा संपत नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिले. पाय गेलेला जवान विशीतला असतो, त्याला अजून पन्नास वर्षे जगायचे असते. लाकडी पाय झिजतो, तो पुन्हा करून घ्यावा लागतो. डोक्यावर परिणाम झालेल्याला तर पुष्कळदा जन्मभर सांभाळावे लागते. लढाईचा खर्च सरकार दोन-चार वर्षांत करून मोकळे होते, पण सैनिकाच्या आजारपणाचा खर्च पुढच्या दोन पिढ्यांना पुरतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. युद्धात फौजेसोबत बायकाही गेल्या होत्या. कोणी टेलिफोन जोडून देत, कोणी आहार पाहत, कोणी कचेरीत लिहीत. पण यातल्या पुष्कळ जणी कागदोपत्री सैनिक नव्हत्या. कंत्राटी किंवा स्वयंसेवी कामगार म्हणून त्यांची गणना झाली. परत आल्यावर त्यांना विमा नाही, दवाखाना नाही, पेन्शन नाही. धोका सारखा, पण नोंद नाही म्हणून हक्क नाही. नोंदीअभावी हक्क जाणे म्हणजे काय, हे सात-बारावर नाव न लागलेल्या वारसाला विचारा!

वर्षाला एक डॉलर पगार

त्या वेळी अमेरिकेत माजी सैनिकांचा कारभार विखुरलेला होता. पेन्शन एका खात्यात, इस्पितळे दुसऱ्या खात्यात. १९२१ साली व्हेटरन्स ब्यूरो नावाचे नवे खाते झाले, पण त्याचा पहिलाच प्रमुख चार्ल्स फोर्ब्स भ्रष्ट निघाला. इस्पितळे बांधण्याच्या कंत्राटांत आणि इस्पितळांच्या सामानाच्या विक्रीत त्याने सरकारला लुबाडले. १९२५ साली कोर्टाने त्याला दोषी ठरवले आणि तो तुरुंगात गेला. जखमी सैनिकाच्या चादरीवरही हात मारणारे लोक तिथेही होते, हे लक्षात ठेवावे.

याच काळात, १९२२ साली, अध्यक्ष हार्डिंग यांनी रॉजर्सबाईंना आपल्या खास प्रतिनिधी म्हणून नेमले. देशभरातल्या सैनिकी इस्पितळांत फिरायचे आणि तिथली स्थिती थेट अध्यक्षांना कळवायची, हे काम. मानधन वर्षाला एक डॉलर. हार्डिंग गेले, कूलिज आले, त्यांच्यानंतर हूव्हर आले, तरी ही नेमणूक चालूच राहिली. बाईंचे खरे शिक्षण या फेऱ्यांत झाले. कुठे डॉक्टर कमी, कुठे खाटा कमी, कुठून सैनिकाला इस्पितळ गाठायला किती लांब जावे लागते, हे त्यांना फायलीतून नव्हे तर जागेवर जाऊन कळले. पुढे संसदेत बोलताना ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

पतीच्या जागेवर

२८ मार्च १९२५ रोजी जॉन रॉजर्स वारले. जागा मोकळी झाली, पोटनिवडणूक लागली. पक्षाचे लोक आणि माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेची मंडळी बाईंच्या मागे लागली. पती गेला की सहानुभूतीवर पत्नीला उभे करायचे, हे आपल्याकडे घडते तसे तिथेही घडत असे. अशा बाईने उरलेली मुदत पुरी करावी आणि घरी बसावे, अशीच सगळ्यांची अपेक्षा असायची. समोर उमेदवार साधासुधा नव्हता. यूजीन फॉस हे राज्याचे माजी गव्हर्नर होते. तरी ३० जून १९२५ रोजी बाईंना ७२ टक्के मते पडली. न्यू इंग्लंड म्हणून जो ईशान्येकडचा जुना मुलूख आहे, तिथून काँग्रेसवर गेलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

घरी बसणे काही झाले नाही. त्यानंतर प्रत्येक दोन वर्षांनी निवडणूक येई आणि प्रत्येक वेळी बाई निवडून येत. खांद्यावर ताजे फूल लावून त्या सभागृहात येत, ती त्यांची खूणच झाली होती.

समितीतले काम

संसदेतले खरे काम भाषणात होत नाही, समितीत होते. हे आपल्या जिल्हा परिषदेत बसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. रॉजर्सबाईंनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कायद्यांची समिती हेच आपले ठाणे केले. १९२६ साली त्यांनी लष्करी परिचारिकांना पेन्शन मिळवून दिली. कागदावर नसलेल्या बायकांचे दुःख त्या विसरल्या नव्हत्या, त्याची ही सुरुवात.

१९३० साली पेन्शनचे खाते, व्हेटरन्स ब्यूरो आणि अपंग सैनिकांची वसतिगृहे एकत्र करून व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन हे एकच मोठे खाते उभे करण्यात आले. त्याच वर्षी इस्पितळांच्या उपसमितीच्या प्रमुख या नात्याने बाईंनी देशभर सैनिकी इस्पितळांचे जाळे उभारण्यासाठी दीड कोटी डॉलरची तरतूद कायद्यात घुसवली. समितीच्या अध्यक्षाचा विरोध होता, पण बाई हटल्या नाहीत. इस्पितळ म्हणजे नुसती इमारत नव्हे, आणि तरतुदीशिवाय घोषणा म्हणजे कोरडा पाऊस, हे त्यांना पक्के माहीत होते.

राजधानीत अश्रुधूर

पुढचा प्रसंग त्यांच्या एकट्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय १९४४ चा मोठा कायदा समजणार नाही. १९२४ साली सरकारने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना बोनस कबूल केला होता, मात्र रक्कम हाती पडायची १९४५ साली. मध्येच १९२९ ची मंदी आली. कामधंदे बुडाले, शेतमालाचे भाव कोसळले, बँकांनी शेते जप्त केली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला आले आणि बोनस आत्ताच द्या म्हणून झोपड्या टाकून बसले. प्रतिनिधी सभागृहाने मागणी मान्य केली, सेनेटने फेटाळली. २८ जुलै १९३२ रोजी पोलिसांच्या गोळीने दोन माजी सैनिक मेले आणि त्याच दिवशी लष्कराने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून सगळ्यांना हुसकावले. झोपड्या जळाल्या.

ज्या देशासाठी लढले त्याच देशाच्या फौजेने आपल्या जुन्या सैनिकांवर चाल केली, हे चित्र अमेरिकेच्या मनातून गेले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा पुढाऱ्यांपुढे एकच धास्ती होती. या वेळी दीड कोटीहून जास्त माणसे परत येणार, त्यांना काम मिळाले नाही तर काय?

बायकांचे नाव फौजेच्या पटावर

त्याआधी बाईंनी आपले जुने देणे फेडले. २८ मे १९४१ रोजी, अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती तेव्हा, त्यांनी लष्करात बायकांचे दल काढण्याचे विधेयक मांडले. दुसऱ्या महायुद्धात तरी बायका कंत्राटी म्हणून जाऊ नयेत, सैनिक म्हणून जाव्यात, हा त्यांचा हेतू. सभागृहात टिंगल झाली. बायका फौजेत गेल्यावर स्वयंपाकपाणी कोण करणार, असेही विचारून झाले. लष्कराचीही ओढाताण होतीच. अखेर १४ मे १९४२ रोजी कायदा झाला आणि दीड लाखापर्यंत बायका भरती करण्याची परवानगी मिळाली.

पण मेख होती. हे दल लष्करात नव्हते, लष्कराबरोबर होते. शब्दाचा एवढासा फरक, परिणाम मात्र मोठा. परदेशी गेल्याचा जादा पगार नाही, सरकारी विमा नाही, माजी सैनिकांचा दवाखाना नाही, शत्रूच्या हाती सापडली तर युद्धकैद्याचे संरक्षणही नाही. बाईंनी तेव्हा मिळाले ते पदरात पाडून घेतले आणि उरलेल्यासाठी लगेच पुन्हा उभ्या राहिल्या. १ जुलै १९४३ रोजी दुसरा कायदा झाला आणि हे दल लष्कराचाच भाग झाले. आता या बायका पुऱ्या सैनिक ठरल्या. युद्ध संपेतो दीड लाखाच्या आसपास स्त्रियांनी त्यात काम केले आणि पुढच्या वर्षी आलेल्या सवलतींवर त्यांचाही पुरुषांइतकाच हक्क लागला. एका शब्दाची दुरुस्ती वेळेत झाली म्हणून हे साधले.

१९४४ चा मोठा कायदा

२२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेला हा कायदा जगभर जी. आय. बिल म्हणून ओळखला जातो. जी. आय. म्हणजे बोलीत अमेरिकन शिपाई. मसुदा अमेरिकन लीजनने तयार केला, सभागृहात तो पुढे नेणाऱ्यांत रॉजर्सबाई अग्रभागी होत्या. त्या विरोधी बाकांवरच्या, समितीचे अध्यक्ष जॉन रँकिन हे सत्ताधारी पक्षाचे. तरी सैनिकांच्या प्रश्नात बाईंनी पक्षभेद मधे आणला नाही.

कायद्यात होते काय? किमान ९० दिवस सेवा केलेल्या आणि बेअब्रू होऊन न काढलेल्या सैनिकाला शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, शिवाय पोटापाण्याला महिना ५० डॉलर, आणि घरी बायकामुले अवलंबून असतील तर ७५. घर, धंदा किंवा शेती घेण्यासाठी बँकेच्या कर्जाला सरकारची हमी, तीही निम्म्या रकमेपर्यंत व जास्तीत जास्त २,००० डॉलरची. काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. आणि नव्या इस्पितळांसाठी ५० कोटी डॉलर. १९३० च्या दीड कोटीशी ताडून पाहा, म्हणजे चौदा वर्षांत मजल किती मारली ते कळेल.

बेकारी भत्त्यावरून गाडी अडली. फुकट पैसे मिळाले तर लोक आळशी होतील, असा एक सूर होता. रँकिन यांचा विरोध याहून खोलवरचा होता. ते दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचे. काळ्या सैनिकालाही गोऱ्याइतकाच भत्ता मिळणार, हे त्यांना खुपत होते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत मते समसमान पडली आणि विधेयक तिथेच मरते की काय असे झाले. जॉर्जियाचे सदस्य जॉन गिब्सन आजारामुळे गावी होते. त्यांना रातोरात शोधून काढले, मोटारीने विमानतळावर नेले, विमानाने राजधानीत आणले आणि १० जून १९४४ रोजी त्यांच्या एका मताने कोंडी फुटली. एका मताची किंमत ग्रामपंचायतीत जेवढी, तेवढीच तिथेही.

पुढे काय झाले? १९५६ पर्यंत ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. यातले २२ लाख कॉलेजात गेले. ३५ लाखांनी इतर शाळांतून कारागिरी, धंदे शिकून घेतले. आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावा असा आकडा पुढचा आहे. सुमारे सात लाख माजी सैनिकांनी शेतीचे प्रशिक्षण घेतले. शेतात काम करायचे आणि जोडीला वर्गात बसून जमीन, जनावरे, यंत्रे, हिशेब शिकायचा, अशी ती पद्धत होती. शिकत असताना सरकारी भत्ता चालू. बंदूक खाली ठेवलेल्या पोराला नांगर धरायला सरकारने पगार दिला म्हणा ना!

कायदा एक, दारे दोन

मात्र सगळेच गोडगोड नव्हते. कायद्यात काळा-गोरा भेद लिहिलेला नव्हता, पण कर्ज द्यायची ती गावातली बँक. सरकार फक्त हमी देणार. मिसिसिपीतल्या तेरा शहरांची १९४७ साली एका मासिकाने पाहणी केली. सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या माजी सैनिकांना मिळालेली कर्जे होती अवघी दोन. शिक्षणातही दक्षिणेत त्यांना वेगळ्या, थोड्या आणि आधीच भरलेल्या कॉलेजांचीच वाट होती. एकाच खंदकात लढलेले दोघे गावी आले आणि एकाला घर मिळाले, दुसऱ्याला हेलपाटे.

कायदा वरून कितीही चांगला येवो, तो वाटणारा हात खालचा असतो. जी. आय. बिलाचे गुणगान करताना ही बाजू लपवणे बरे नव्हे. अंमलबजावणी गावच्या कारभाऱ्यांवर सोडली आणि वरून नजर ठेवली नाही, तर ज्याला गरज जास्त तोच बाहेर राहतो.

समितीच्या अध्यक्षपदी

युद्धानंतर सैनिकी इस्पितळांवर मोठा ताण आला. जनरल ओमर ब्रॅडली यांना व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशनचे प्रमुख केले गेले. जानेवारी १९४६ मध्ये कायदा होऊन इस्पितळांचे वैद्यकीय खाते वेगळे झाले, डॉक्टर-परिचारिकांची भरती सुटसुटीत झाली आणि इस्पितळे वैद्यकीय कॉलेजांशी जोडण्याचे काम सुरू झाले. सैनिकाला जुनाट डॉक्टरऐवजी शिकवणारा डॉक्टर मिळू लागला. खात्यात परिचारिकांचे कायम दल व्हावे यासाठी बाईंनी पूर्वीपासून जोर लावला होता.

१९४७ साली प्रतिनिधी सभागृहात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र स्थायी समिती आली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष रॉजर्सबाई झाल्या. १९४७ ते १९४९ आणि पुन्हा १९५३ ते १९५५ असे दोनदा त्यांनी ते पद सांभाळले. १९५२ साली कोरियाच्या युद्धातून आलेल्या सैनिकांनाही शिक्षण व कर्जाच्या सवलती मिळाल्या, त्यातही त्या पुढे होत्या. माजी सैनिकांच्या खात्याला मंत्रिमंडळात जागा हवी, असाही त्यांचा आग्रह होता. तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. त्यासाठी १९८९ साल उजाडावे लागले.

अपयशही त्यांनी पाहिले. १९३९ साली सेनेटर रॉबर्ट वॅग्नर यांच्यासोबत त्यांनी जर्मनीतली २० हजार निर्वासित मुले अमेरिकेत घेण्याचे विधेयक आणले. हिटलरच्या छळातून ती मुले वाचली असती. पण विरोध इतका झाला की विधेयक मतदानापर्यंत पोचलेच नाही. आणि त्यांचे सगळेच निर्णय आज पटतील असेही नाही. १९५० च्या दशकात कम्युनिस्ट ठरवून लोकांच्या मागे लागणाऱ्या सेनेटर मॅकार्थी यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. माणूस मोठा झाला म्हणजे चुकत नाही, असे थोडेच आहे?

मागे काय उरले

१० सप्टेंबर १९६० रोजी बॉस्टन इथे त्यांचे निधन झाले. वय ७९. पक्षांतर्गत निवडणूक तीन दिवसांवर होती आणि बाई पुन्हा उमेदवार होत्या. प्रतिनिधी सभागृहात सर्वांत दीर्घकाळ बसलेली स्त्री हा त्यांचा विक्रम २०१८ पर्यंत टिकला.

१९७८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या सैनिकी इस्पितळाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ साली, आणखी एक गोष्ट झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन फौजेचे टेलिफोन सांभाळलेल्या बायकांना कायद्याने माजी सैनिक म्हणून मान्यता मिळाली. युद्धाला तोवर साठ वर्षे होत आली होती. बहुतेक जणी मरून गेल्या होत्या. जिवंत राहिलेल्या थोड्या म्हाताऱ्यांच्या हाती तो कागद आला. १९१७ साली नावापुढे एक शब्द लिहायचा राहिला, त्याची ही किंमत!

रॉजर्सबाईंच्या आयुष्याचे सार यातच आहे. सैनिकाबद्दलचे प्रेम मनात असून भागत नाही, ते नोंदीत उतरावे लागते आणि वेळेत उतरावे लागते.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी, कायदे वेगळे, पण नोंदीचा धडा तोच आहे. आपल्या माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ई. सी. एच. एस. ही आरोग्य योजना आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे. तरीही सैनिक वारल्यानंतर त्याच्या पत्नीची पेन्शन अडते ती पुष्कळदा क्षुल्लक कारणाने. पेन्शनच्या हुकमावर तिचे नाव माहेरचे असते, आधारवर सासरचे. जन्मतारीख एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरीच. माणूस हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाचे काम असते, तो गेल्यावर म्हातारीला वर्षभर हेलपाटे पडतात.

म्हणून घरात माजी सैनिक असेल त्यांनी आजच पेटी उघडावी. पेन्शनच्या हुकमावर पत्नीचे नाव आहे का, ते बरोबर आहे का, जन्मतारीख जुळते का, दवाखान्याच्या कार्डात तिची नोंद झाली आहे का, हे बघावे. फरक दिसला तर सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे. आणि ग्रामसेवक, तलाठी, सरपंच मंडळींनीही आपल्या गावातल्या माजी सैनिकांची व त्यांच्या विधवांची यादी एकदा करून हे कागद तपासून द्यावेत. पंचवीस-तीस घरांचे काम आहे, दोन दिवसांत उरकते.